मंडईची वाट आणि झिजलेला गिअर

दिवाळी झाली की आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला लेकीनं माहेरी जायचं असतं. आईचं माहेर साकोलीच्या पुढे, तलावाकाठचं गाव. यंदा बसनं जाऊ, असं मी म्हटलं. बाबांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीला आम्ही म्हातारी म्हणतो. "म्हातारी धड पोचली तं ठेवू, नाही तं भंगारवाल्याले देऊन टाकू," ते म्हणाले. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस, पण अलीकडे त्यांना कमी ऐकू येतं. ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

सकाळी भंडाऱ्याहून निघालो. कारध्याचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना धानाच्या कापणीची लगबग. जाणार असाल तर पेट्रोल भंडाऱ्यातच भरा. लाखनीत तर्री-पोहे जरूर खा, पण वरची तिखट तर्री बेतानं घ्या. माझे डोळे पार साकोलीपर्यंत वाहत होते.

साकोली सोडली आणि म्हातारी खोकायला लागली. जरा चढ आला की धाप. कशीबशी मामाच्या अंगणात शिरली. मामानं पाणी आणायच्या आधीच बाबांनी बॉनेट उघडलं होतं.

प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून त्यांनी आतला रोटर बोटानं हलवला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. अख्खा डिस्ट्रिब्युटर उपसून काढला. खालच्या गिअरचे दात झिजून पातळ झाले होते. मग ठिणगी वेळेवर पडणार कशी? नवा गिअर बाबांनी कैक वर्षं डिक्कीत तेलकट फडक्यात जपून ठेवला होता. पिन ठोकून जुना काढला, नवा चढवला, इंजिनाच्या पुलीवरची खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर आत सोडला आणि चावी फिरवली. फट्ट! कोंबड्या थेट छपराच्या कवेलूंवर.

"भाऊजी, मंडईचे फटाके आजच?" मामा हसला.

"उलटा बसला," बाबा म्हणाले. ती खूण दर फेरीला जुळते, पण ठिणगी एका फेरीआड लागते. घाईत तेच राहून गेलं. मग पहिला प्लग काढून मला म्हणाले, "अंगठा ठेव भोकावर. हवा ढकलंन तवा सांग." मामा पान्यानं इंजिन हळूहळू फिरवत होता. अंगठा फुस्सकन उडाला तशी मी ओरडले. या वेळी डिस्ट्रिब्युटर बरोबर बसला, गाडी सुरू झाली.

राहिलं टायमिंग. डिस्ट्रिब्युटर कणभर इकडे, कणभर तिकडे फिरवून इंजिनाचा सूर लावायचा. बाबांनी डोळे मिटले, फिरवलं, थांबले. परत फिरवलं. मग हातच काढून घेतला.

"मले आयकू येऊन नाही राहिलं. देऊन टाकू भंगारात."



आई ओसरीत वड्यांसाठी लाखोरीची डाळ वाटत होती. भरल्या हातानंच उठली आणि बाबांना दिसेल अशी समोर उभी राहिली. "काहून थांबले? फिरवा ना!" हातानंच सांगू लागली: अजून. अजून थोडं. जास्त झालं, मागं घ्या. मग तिचा हात थांबला.

"बस! आता तुमी डूटीवरून घरी येऊन राहिले."

बाबा नोकरीत असताना जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गाडीचा हाच आवाज ऐकून ती चुलीवर चहा ठेवायची, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी नट आवळला आणि बराच वेळ बॉनेटमधून डोकं वर काढलं नाही. मला रडू आलं, आणि या वेळी तर्रीला दोष देता येत नव्हता.

मग वडे खाल्ले, मंडईत पाळण्यात बसलो, जिलेबी बांधून घेतली. परतताना म्हातारी एकाही चढावर खोकली नाही.

घरी येऊन आता पंधरवडा झाला. भंगारवाल्याचं नाव कुणी काढत नाही. बाबा सकाळी गाडी सुरू करतात, पण पूर्वीसारखं बॉनेटकडे पाहत नाहीत, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहतात. आतून आईचा हात वर होतो. मगच ते क्लच सोडतात.