टेपकाकूचं पाऊल

मिरचीच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरला, की भोकं पाडायला टेपकाकूला बोलावणं यायचं. दांड्याला बांधलेल्या डब्यात निखारे, आणि एका पावलाला एक भोक. कागदाखालच्या नळीतून दीड-दीड फुटावर थेंब पडायचे. काकूचं भोक बरोब्बर त्या थेंबावर. टेप कधी लावली नाही, म्हणून तर हे नाव. नवरा म्हणायचा, हिला बाजारात पाठवलं तर भाजी विसरेल, पण रस्ता मोजून येईल.

गेल्या वर्षी गुडघा दुखावला. तरी यंदा ती आलीच. मागून रोपं लावायला सून. मालकिणीनं आधीच सांगितलं होतं, विहीर तळाला गेलीय, दिवसाकाठी अर्धा तास पाणी मिळेल. थेंबावर बसलेलं रोप जगेल, बाकीचं जाईल.

पहिल्याच वाफ्याच्या मध्यावर सून थांबली. सकाळी पाणी सोडून झालं होतं, तरी भोकातली माती कोरडी. पुढच्यातलीही कोरडी.

"आई, नळी सरकली वाटतं."

काकूनं कागदाची कड उचलून पाहिलं. ओला डाग दोन भोकांच्या मधोमध.

"नळी जागेवर आहे गं. पाऊल आखडलंय माझं."

ती तिथेच मटकन बसली. या फुकटच्या भोकांतून उरलीसुरली ओलही उडून जाणार. म्हणाली, मालकिणीला सांग, टेपवाली कोणी बघा आता. सून चिकटपट्टीचे तुकडे कापून एकेक भोक बुजवत राहिली. थोड्या वेळानं काकूही सरकत आली नि तुकडे दाबू लागली.

शेवटचं भोक बुजल्यावर सुनेनं चपला काढल्या. "मी पुढे चालते. तुम्ही माझ्या टाचेशी डबा टेकवा."

"तू? तू तर कुत्रं मागे लागल्यासारखी चालतेस."

"मग शिकवा की."

काकूनं तिच्या कमरेला हात लावला. स्वतःचं पाऊल तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दुसरीचं मात्र बोटभर चुकलं तरी दिसत होतं. लांब पडलं की मागे ओढायची, आखूड पडलं की ढकलायची. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला तिनं हात काढून घेतला आणि डबा टेकवला. कागद चुरचुरला. निवेपर्यंत धीर कुठला, काकूनं भोकात बोट घातलं, ते भाजलंच. पण आत माती गार होती, ओली.

"पडलं का जागेवर?" सुनेनं पाऊल हलवलं नव्हतं.

"पडलं. आता माझ्याकडे बघू नकोस, चालत राहा."