दुर्वा परत मागणारा माणूस

ऐन गणेश चतुर्थीला घरोघरी जाऊन गणपतीच्या डोक्यावरच्या दुर्वा काढून घेणारा जालना जिल्ह्यातला मी बहुधा एकमेव माणूस आहे.

नव्वद सालच्या आसपास मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होतो. साहेबाच्या बंगल्यापुढचं लॉन पाहून मलाही हौस आली. लॉनचं बी परवडेना (बियाण्याच्या कंपनीत असून!), म्हणून धावडा या आमच्या गावी असलेल्या शेतातून पोतंभर हरळी खणून आणली आणि अंगणात लावली. आबा, म्हणजे माझे वडील, बघतच राहिले. "सारा जलम हरळी खंदून फेकण्यात गेला माझा, अन् तू तिला पाणी घालून राह्यला?"

लॉन झकास आलं. आमचा कुत्रा मोती दिवसभर त्यावर लोळायचा. मग तिथं वाळवी लागली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी कपाशीवर मारायचं औषध पंपात घातलं, डब्यावर लिहिलेल्याच्या दुप्पट (आपला हात सढळ!), आणि फवारून मोकळा झालो. सणाच्या तोंडावर बायकोची बोलणी कोण खाणार? वास आला तेव्हा शेजारी खिडक्या रंगवून राह्यलेत, असं ठोकून दिलं.

सकाळी मोतीच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले. कुत्री गवत खातात तशी त्यानं हरळी खाल्ली होती.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय मारलं रे तू हिच्यावर?"

मी औषधाचा डबाच आणून त्यांच्या हातात दिला. आबांनी मोतीला उचलून रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. मीही निघालो, तर माझी बायको सुमन दारातच आडवी आली. "अहो, पहाटपासून सारी गल्ली इथूनच दुर्वा घेऊन गेली. मीच बोलावल्तं सगळ्यांना."

हरळी म्हणजेच दुर्वा, हे माझ्या बिलकुल डोक्यात आलं नव्हतं.

मी अनवाणीच पळत सुटलो. पहिल्या घरी आरती चालू असताना गणपतीवर झडप घातली. दुसऱ्या घरी आजोबांनी मला चोर समजून काठी उचलली. शेजारच्या मारवाडी भाभींकडं तर पूजा आटोपली होती. दुर्वा पंचामृतात बुडालेल्या, भाभींच्या हातात वाटी आणि त्यांच्या सासूबाईंची ओंजळ पुढं.

"मांजी, पिऊ नका! औषध हाय त्याच्यात."

"कायचं औषध?"

"कपाशीचं."

सासूबाईंनी ज्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेनं वाळवी फवारणीशिवाय मेली असती. वाटी मोरीत गेली. देवाच्या कृपेनं गल्लीत कुणाच्याही पोटात काही गेलं नव्हतं.

दुपारी मोती इंजेक्शनं घेऊन आबांच्या मांडीवर बसून घरी आला. मला पाहून त्यानं हळूच शेपटी हलवली. मी त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो.

"त्याला कळत न्हाई, म्हणून हालवली त्यानं," आबा म्हणाले. मग कुदळ घेऊन त्यांनी सगळी हरळी खंदून काढली. सवयीचंच काम होतं त्यांचं.

आजही आमच्याकडं सत्यनारायण असला की सारी गल्ली येते, मोठ्या प्रेमानं येते. फक्त तीर्थ पहिल्यांदा मला पाजतात, आणि मी थोडा वेळ नीट उभा राहिलेला दिसल्याशिवाय कुणी हात पुढं करत नाही.