ओढून बघितलेलं कुलूप

कुलूप लावलं की रेक्टरबाई ते दोनदा ओढून बघायच्या. चार पावलं जाऊन परत यायच्या आणि तिसऱ्यांदा ओढायच्या. "लावलं म्हणणं येगळं, ओढून बघणं येगळं," असं वर आम्हालाच ऐकवायच्या. असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यासोबत जीव मेटाकुटीला येतो.

धाराशिवच्या त्या मुलींच्या वसतिगृहासाठी मी जावा या संगणकभाषेत वेबसाइट लिहिली होती. ज्याचं जे काम, त्याला तेवढीच पानं. कारकुनाला हजेरी आणि मेस. मुलींचे पत्ते, सुट्टीत त्या कुठं जातात, हे फक्त रेक्टरबाईंना. कारकुनाच्या मेनूतून मी 'पत्ते' काढून टाकलं आणि खुशाल चहाला गेलो.

बाईंनी मला अर्ध्या चहावरून उठवलं. कारकुनाला त्याचं लॉगिन करायला लावून त्या त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. स्वतःच्या लॉगिनमधल्या 'पत्ते' पानाची लिंक चिठ्ठीवर उतरवलेली, ती एकेक अक्षर शोधत ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकली. पान उघडलं. माकणी गावच्या एका मुलीचं नाव समोरच होतं.

"पाटी काढली तू, दार उघडंच हाय की."

"एवढं टाईप करून कोण बघतंय, मॅडम?" मी चिडलोच.

"हिचा चुलता. लगीन मोडून शिकायला आलीय पोरगी. सुट्टीत आत्याकडं लपती, ते इथं लिवलंय."

कारकून हळूच म्हणाला, "त्यो माझ्याच गावचा हाय. लई मागं लागलाय. मला ते दिसायलाच नको, साहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक पान उघडण्याआधी माणसाचा अधिकार तपासायची सोय मी त्याच दिवशी सर्व्हरवर बसवली.

आठवड्यानं चुलता आलाच. कारकुनानं संगणक त्याच्याकडं फिरवला. "तुमीच बघा. मला परवानगी न्हाय." मुलगी परीक्षेला बसली, पास झाली.

बाई निवृत्त झाल्यावर त्यांचे अधिकार मीच काढले. कुणी कुठलं पान मागितलं याची सर्व्हर नोंद ठेवतो; पुढच्या सोमवारी त्या नोंदीत दिसलं: बाईंच्या नावानं पत्त्यांचं पान मागितलं, नाकारलं. फोन केला.

"ओढून बघितलं, लेकरा. न्हाय उघडलं. बरं झालं."

मग दर सोमवारी एक नकार. त्यांचं लॉगिन पुरतं बंद करायला हवं होतं, मी केलं नाही.

गेले तीन सोमवार नोंद नाही. फोन लागत नाही. मी दिवसातून दहादा नोंदी उघडतो, कामात लक्ष लागत नाही. काल न राहवून वसतिगृहात गेलो, नव्या रेक्टरबाईंकडं बाईंच्या गावचा पत्ता मागितला.

"पत्ते आम्ही कुणाला देत नाही," त्या म्हणाल्या.

निघालो. चार पावलं जाऊन परत आलो आणि पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या.