यज्ञेश्वरभटांचा गडू

सवाई माधवरावांच्या अमदानीत सदाशिव पेठेत मुंज ठरली, की मुहूर्ताआधी यज्ञेश्वरभट मोकळे आहेत का, ते विचारून येत. आचारी म्हणून हाताला चव मोठी, पण नखरे काय सांगावेत! लाकूड वर्षभर वाळलेल्या बाभळीचंच हवं. फोडणी मांडवाबाहेर, उघड्यावर, आणि तीही तोंड फिरवून. शेजारी कुणी ऊद जाळला, की हे पळी टाकून चालू लागले. बोलणं चार शब्दांचं, कारण पाचव्याला श्वास पुरत नसे.

होय, भटांना दमा होता. नाव यज्ञेश्वर आणि धुराशी उभं वैर! रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचं, दह्याला शिवायचं नाही, कमरेला सुंठ-पिंपळीची पुडी आणि झाकणाच्या गडूत अडुळशाचा काढा. चालताना दम लागला, की गोपाळकृष्णपंतांच्या ओट्यावर नेमका पाट मांडलेला सापडे. त्यावर बसून ते रस्त्याची पाहणी केल्याचा आव आणत.

हे सगळं गुपित. सोवळ्यातला आचारी पातेल्यावर खोकतो म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण? लोक आपल्या नखऱ्यांना कसब समजतात, अशी भटांची खात्री होती. हाताखालचे आचारीसुद्धा आताशा तोंड फिरवून फोडणी देऊ लागले होते!

पंतांच्या मुलाच्या मुंजीत मात्र घात झाला. हाताखालचा श्यामसुंदर, चांगला पन्नाशीचा बाप्या, पण भटांची चव त्या गडूत आहे या शंकेने पछाडलेला. भट फोडणीला बाहेर गेलेले बघून त्याने सगळा गडू आमटीत रिकामा केला.

तेवढ्यात वारा फिरला आणि होमाचा धूर सरळ चुलीवर आला. भटांची छाती शीळ घालू लागली. पुडी सोडायला बोटं वळेनात. गडू उचलला, तर रिकामा.

"आमटीत घातला," श्यामसुंदर फुशारून म्हणाला. "आता चव पुरी उतरेल!"

त्याच्या सात पिढ्या उद्धरायला हव्या होत्या, पण शिव्यांनाही श्वास लागतो. औषध डोळ्यांसमोर रटरटत होतं आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यातला थेंब जिभेला लावण्याची सोय नव्हती. लावला, तर पातेलं उष्टं, पाचशे पानं खोळंबणार, आणि पेठेत पुन्हा तोंड दाखवायला नको. भट खांबाला धरून वाकून बसले. जीव गेला तरी चालेल, पण कळता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पंतांच्या आई मथुराबाई सोवळ्यात तिथून चालल्या होत्या. त्यांनी एकदाच बघितलं.

"नैवेद्याचं पान वाढा. आत्ताच्या आत्ता!"

"आई, होम व्हायचाय अजून," पंत होमापाशी बसल्या जागेवरून ओरडले.

"देवाला भूक लागलीय. तू आपली समिधा टाक."

नैवेद्य झाला. मथुराबाईंनी कढत आमटीची वाटी भटांसमोर ठेवली. "प्रसाद आहे. सावकाश घ्या."

घोट घोट करत वाटी संपली. बऱ्याच वेळाने खांदे खाली आले, शीळ थांबली. भटांचे डोळे भरून आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाई, मला... दमा आहे."

"अगबाई, हो का? आणि आम्ही बारा वर्षं बाभळीची लाकडं माळ्यावर वाळवतो ती हौस म्हणून!"

"म्हणजे... ठाऊक होतं?"

"साऱ्या आळीला. माघातली ही मुंज वैशाखावर का नेली? थंडीत तुमची छाती भरते म्हणून. आणि ओट्यावरचा पाट मी काय मांजरासाठी मांडते?"

बारा वर्षं भट पेठेला फसवत होते आणि पेठ गुपचूप फसत होती.

"उठा आता," मथुराबाई म्हणाल्या. "आमटी कडू झालीय मेली. गूळ घाला."

भटांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते गूळ फोडायला बसले.