बापाचं नाव वाचा

नाव आलंच नाही.

बाबा अर्धे उठले होते. एक हात पुढच्या बाकावर टेकवलेला, गुडघे वाकलेले. अंगात नवा शर्ट, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आपलं नाव वाचलं की पूर्ण उभं राहायचं, सगळ्यांकडे बघून हात जोडायचे, असं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. सेक्रेटरी साहेबांनी कागद उलटला आणि पुढची सूचना वाचायला घेतली. महिला संगतीची सभा बुधवारी दुपारी आहे. बाबा तसेच थांबले. कदाचित नंतर येईल असं त्यांना वाटलं असावं. मग हळूच खाली बसले. मागून कोणीतरी हसलं, दाबून.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात. उपदेश झाला, अर्पण गोळा झालं, की सेक्रेटरी पुढे येतात आणि मंडळीच्या सूचना सांगतात. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी प्रार्थना आहे, संडे स्कूलच्या मुलांनी काय आणायचं, कोण प्रभूघरी गेलं. लग्न असलं तर मुलाचं नाव, मुलीचं नाव आणि दोघांच्या आईवडिलांची नावं. नाव आलं की आईबाप उभे राहतात. सगळी मंडळी माना वळवून बघते. मग पाळक, म्हणजे आमचे पाद्री, विचारतात, या लग्नाला कोणाची रास्त हरकत आहे का. कोणाचीच नसते. विचारायचं म्हणून विचारतात.

त्या पहिल्या रविवारी मुलाकडची नावं पणजोबांपासून सुरू झाली. मंडळीचे आधारस्तंभ अमुक यांचे पणतू, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका तमुक यांचे चिरंजीव, प्रफुल्ल. मग माझी पाळी. "आणि कन्हान येथील एका नवविश्वासी कुटुंबातील कन्या," असं म्हणून फक्त माझं नाव. झालं. बाप नाही, आई नाही. मी जणू आभाळातूनच पडले होते.

नवविश्वासी म्हणे. बाबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दुसरीत होते. आता बुटीबोरीच्या सूतगिरणीत सुपरवायझर आहे, माझ्या हाताखाली बायका काम करतात. मधल्या काळात आई त्याच विश्वासात गेली, त्याच मंडळीच्या कबरस्तानात तिला ठेवलं. तरी आम्ही नवे. अजून किती जुनं व्हायचं होतं, हे कोणी सांगत नाही.

उपासना संपल्यावर आवारात चहा असतो. प्रफुल्लच्या आई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, आपण होऊन माझ्याकडे आल्या. खांद्यावर हात ठेवला. बाबा माझ्या शेजारीच कप धरून उभे होते. मॅडम माझ्याशीच बोलल्या, मधे माणूस नसल्यासारख्या.

"बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस. तिथून ते नाव वाचणं बरं दिसलं नसतं. महादेव. प्रभूच्या घरात उभं राहून महादेव म्हणायचं?"

पुढचं त्यांनी ठरवूनच आणलं होतं. येत्या रविवारी वडिलांचं नाव मॅथ्यू म्हणून वाचू. पत्रिकेतही तेच छापू. पाळकसाहेबांना विचारलेलं आहे, त्यांची काही अडचण नाही. सेक्रेटरी साहेब म्हणजे मॅडमचे सख्खे दीर, त्यांचीही नाही. अडचण फक्त आमच्या नावाची होती.

मी तोंड उघडणार तोच बाबा बोलले. "चालते मॅडम. तुमाले जे बरं वाटते ते लिवा."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मॅडमपेक्षा बाबांचा जास्त आला.

बाबांनी जन्मभर इतवारीच्या बाजारात हमाली केली. धान्याची पोती पाठीवर. तिथं त्यांना कोणी महादेव म्हटलं नाही. ए हमाल, ए बुढ्ढे, ए इधर आ. एवढंच. त्यांचं नाव त्यांना फक्त दोन ठिकाणी मिळालं, घरी आईच्या तोंडून आणि आमच्या मंडळीच्या कन्हानमधल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी बाप्तिस्म्याच्या आधी विचारलं होतं, नवं नाव घ्यायचं का? बाबा म्हणाले होते, "नाही जी. देवाले मी महादेव म्हणूनच माहीत हाव. नाव बदलवलं तर कुठं शोधत बसंल तो मले." पाळक पोट धरून हसले आणि महादेव म्हणूनच त्यांना पाण्यात बुडवून काढलं. ही गोष्ट बाबा आल्यागेल्याला सांगायचे. पाहुणा चहा संपवायच्या आत ही गोष्ट व्हायचीच.

त्या माणसानं चहाच्या कपासोबत आपलं नाव परत करून टाकलं. कशासाठी? माझ्यासाठी. पोरगी मोठ्या घरात जाते आहे, त्यात आपलं लोढणं नको.

घरी भांडण झालं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं. ते भाकर मोडत राहिले. शेवटी म्हणाले, "नाव काय वं, पोतं व्हय काय? एकानं उतरवलं, दुसऱ्यानं उचललं. तू सुखी राह्य." आणि वर पाणी प्यायले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. रडू बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

प्रफुल्लला फोन केला. आम्ही दोघं गायकवृंदात एकत्र गायचो, तिथंच जमलं होतं. चांगला मुलगा. नाताळच्या तालमीला माझी गिरणीची बस चुकली की मोटारसायकल घेऊन चौकात येऊन थांबायचा. मला तो मनापासून आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, "अगं एकदाच तर वाचायचं आहे. नंतर कोण विचारतं?" मी म्हटलं, मग एकदाच तुझ्या वडिलांचं नाव बदलून वाचू का? तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

आठवडाभर बाबा तयारी करत होते. शेजारच्या काकूंना त्यांनी सांगून ठेवलं होतं, मले मॅथ्यू म्हणून आवाज देत जा, कानाले सवय होऊ द्या. काकू बिचाऱ्या दारातून हाक मारायच्या. बाबा कधी ओ द्यायचे, कधी विसरून जायचे. काकूंना हसू यायचं, बाबांनाही यायचं. मला येत नव्हतं.

दुसरा रविवार. आम्ही पुढून तिसऱ्या बाकावर होतो, मॅडमनीच तिथं बसवलं होतं. सेक्रेटरी साहेबांनी वाचलं, श्री. मॅथ्यू यांची कन्या. आणि बाबा बसूनच राहिले. छान ऐकत होते, मान डोलवत होते, दुसऱ्या कोणाची तरी सूचना ऐकावी तसे. सेक्रेटरी साहेब थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "श्री. मॅथ्यू." मंडळी आमच्याकडे बघायला लागली. मी कोपर मारलं. बाबा दचकून उठले. मांडीवरचं गीतपुस्तक खाली पडलं. ते उचलायला वाकले, डोकं बाकाला लागलं.

मंडळी हसली. दुष्टपणानं नाही, प्रेमानंच हसली. तेच मला सहन झालं नाही. लहान मुलाचं बोबडं बोलणं ऐकून हसतात तसं हसले माझ्या बापाला. आणि बाबांनीही हसून सगळ्यांना हात जोडले. कमरेत वाकून. इतवारीतल्या शेठला जोडायचे तसे.

मला कुठं बघावं कळेना म्हणून मी भिंतीकडे बघितलं. तिथं संगमरवराची पाटी आहे. लहानपणापासून बघत आले. मंडळीच्या पहिल्या वडीलधाऱ्यांची नावं कोरलेली, सोन्याच्या रंगानं भरलेली. सगळ्यात वर प्रफुल्लच्या पणजोबांचं. पांडुरंग. स्पष्ट, सुवाच्य, वेदीपासून चार हातांवर. दर ईस्टरला ती पाटी पुसतात. आजवर कोणालाही त्या नावाचा त्रास झाला नव्हता.

मी संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर गेले. एकटीच. मॅडम व्हरांड्यात बसल्या होत्या, प्रफुल्ल शेजारी मोबाईल बघत होता. मी बसले नाही. सरळ विचारलं, भिंतीवर पांडुरंग चालतो, मग बाकावर महादेव का चालत नाही?

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिकवण्याच्या सुरात, संथपणे म्हणाल्या, "ते वेगळं, बेटा. ते ब्राह्मण घरातून आले होते. घर, वतन, नातीगोती, सगळं सोडून आले. तुमच्याकडे सोडायला काय होतं?"

मी प्रफुल्लकडे बघितलं. एक शब्द. मला एकच शब्द हवा होता, कुठलाही. त्यानं मान वर केली आणि आईला विचारलं, चहा टाकायला सांगू का.

त्या व्हरांड्यात माझ्या डोक्यातलं धुकं एकदम गेलं. इतकी वर्षं मी समजत होते की आत आलं की सगळे सारखे. प्रभुभोजनात एकाच पेल्यातून पितो, एकाच भाकरीचे तुकडे खातो. आत येतानाही लोक आपापलं माप घेऊन आले होते तर. ज्यानं वाडा सोडला तो मोठा. ज्यानं पोतं सोडलं तो कोण? त्याच्या सोडण्याची किंमत नाही, कारण त्याच्या असण्याचीच नव्हती. आणि सोडायला काय होतं म्हणता? एक नाव होतं, मॅडम. तेवढंच होतं. तेही तुम्ही काढून घेतलं आणि तो हात जोडून हसला.

हे मी तिथं बोलले नाही. चहा न घेता निघाले. रस्त्यात ठरलं. बाबांना काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी पाय धरले असते.

तिसऱ्या रविवारी चर्च भरलेलं होतं. सूचना झाली, मॅथ्यू झाला. या वेळी बाबा लगेच उठले, शिकले होते. पाळकसाहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं, कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं ती आता सांगावी. आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला लागले.

"हरकत आहे," मी म्हटलं.

त्यांना कळेना आवाज कुठून आला. "कोणाची?"

"माझी."

बाबांनी माझी ओढणी धरली. "बस वं खाली. काहून करून राहिली असं." मी ओढणी सोडवून घेतली. पाळकसाहेब पायऱ्या उतरून खाली आले आणि हळू आवाजात म्हणाले की आपण हे नंतर ऑफिसात बोलू. मी म्हटलं, सूचना इथं वाचली, हरकत इथंच सांगणार. मग मी मंडळीकडे तोंड केलं. चांगलं बोलायचं ठरवून आले होते, पण तोंडातून घरचीच भाषा आली.

"माह्या बापाचं नाव महादेव आहे. तुम्ही कोण्या मॅथ्यूच्या पोरीचं लग्न लावून राहिले. ते पोरगी मी नोहोय. म्हणून हे लग्न होऊ शकत नाही."

एवढंच. मॅडम समोर बघत होत्या, ताठ. प्रफुल्ल गीतपुस्तकात बघत होता, आणि त्या वेळी गीत चालू नव्हतं.

लग्न मोडलं. प्रफुल्लचा नंतर एकदा फोन आला. म्हणाला, आपण कोर्टात करू, ही सगळी भानगडच नको. मी म्हटलं, करू. आधी एका रविवारी पुढे उभा राहा आणि माझ्या बापाचं नाव वाच, मग तू म्हणशील तिथं येते. त्यानं फोन ठेवला. मी त्याचा नंबर पुसला नाही. दुखतं, अजून दुखतं. पण परत त्याच जागी उभं केलंत तर मी तेच करेन.

सेक्रेटरी साहेब घरी आले होते. म्हणाले, दोन्ही कुटुंबांच्या संमतीनं विवाह रद्द, अशी सूचना वाचून टाकू, तुझीही अब्रू राहील. मी म्हटलं, संमतीनं नाही, कारणासकट वाचा. ते उठून गेले. काही जणांनी प्रेमानं सुचवलं की तुमच्या लोकांची एक छोटी मंडळी आहे, तिकडे जा, मोकळं वाटेल. मी जाणार नाही. प्रभूचं घर कोणाच्या पणजोबांच्या नावावर नाही.

बाबा माझ्याशी नीट बोलत नाहीत. पोरीचं लग्न मोडल्याचं दुःख त्यांना स्वतःच्या नावापेक्षा मोठं आहे. काहून बोलली वं, एवढंच अधूनमधून म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांच्यासारखं वाकूनही मला चालता येणार नाही. शेजारच्या काकू पुन्हा महादेवभाऊ म्हणून हाक मारतात, तेव्हा ते पटकन ओ देतात.

सूचना संपल्या की सेक्रेटरी विचारतात, आणखी कोणाची काही सूचना? ही रीतच आहे. त्या वेळी मी उठते. सांगते, माझ्या लग्नाच्या सूचनेत वडिलांचं नाव पहिल्यांदा गाळलं आणि नंतर चुकीचं वाचलं. त्यांचं नाव महादेव आहे. पुढे येऊन दुरुस्ती वाचा. दर रविवारी, तीच वाक्यं. आधी लोक माना वळवायचे, मग घड्याळं बघायला लागले, आता काही म्हाताऱ्या बाया माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवतात. गेल्या काही रविवारांपासून सेक्रेटरी साहेबांनी तो प्रश्न विचारणंच बंद केलं आहे. सूचना वाचतात आणि झटकन बसतात.

न विचारताही मी उठते. जिथून माझ्या बापाचं नाव गाळलं, तिथूनच ते वाचलं जाईपर्यंत उठत राहणार.