खिशातला फ्यूज

दोघं सख्खे साडू, दोघांचं काम एकच, विजेच्या तारा सांभाळायचं. पण थोरला सरकारी नोकरीत कायम आणि धाकटा कंत्राटदाराचा माणूस. थोरल्याला पगार तिप्पट, वर पेन्शन. खांबावर मात्र चढायचं धाकट्यानं! थोरला खाली पेटीतला फ्यूज काढून वीज बंद करायचा, तो खिशात घालायचा आणि पेटीपाशी उभा राहायचा. वरचा उतरेपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा रिवाज.

धाकट्याची बायको घरी टोचायची, "ताईकडे नवा फ्रिज आला. आपल्याकडे काय येणार?"

"मी संध्याकाळी घरी येतो ना, तेवढं पुरे मान," तो म्हणायचा. हसून विषय बदलायचा. कंत्राट नवं व्हायचं होतं, आणि साहेबाकडे शब्द टाकणार थोरलाच.

त्या दिवशी धाकटा वर तारा आवळत होता. खाली थोरल्याचा फोन वाजला. पगारवाढ मंजूर! गडी हरखला आणि फ्यूज खिशात तसाच घेऊन कोपऱ्यावरच्या कचेरीत पळाला.

धाकट्यानं सहज खाली पाहिलं. पेटीपाशी साडू नाही, गल्लीतला शिंपी उभा! हातात तारेचा तुकडा, पेटीचं दार उघडं.

धाकटा वरून ओरडला, "ओ मास्तर! हात काढा! मी वर आहे!"

शिंपी दचकून मागे सरला. "अहो, खालचे साहेब गेले, मला वाटलं काम संपलं. विजेवाचून मशीन अडलंय माझं, म्हटलं फ्यूजच्या जागी तार घालून बघावं."

साहेब गेले की काम संपलं! वर कोण लटकतंय, हे बघतो कोण?

धाकटा भराभर खाली उतरला. थोरला हसत परत आला. "वाढ झाली बरं का! अरे, चेहरा का असा? तुझंही होईल एक दिवस."

"फ्यूज द्या इकडे."

"कशाला?"

"एक तार राहिलीय."

धाकट्यानं पेटीचं कुलूप लावलं, किल्ली आणि फ्यूज आपल्या खिशात टाकले, वरून बटण लावलं आणि खांबाला हात घातला.

थोरल्याचा चेहरा उतरला. "माझ्यावर भरवसा नाही? कंत्राटाचं साहेबांशी मीच बोलणार आहे, विसरलास?"

धाकट्यानं खांब घट्ट धरला. बोलणार की नाही, कुणास ठाऊक.

"बोला, नका बोलू, साडूभाऊ. फ्यूज माझ्यापाशीच राहील," म्हणाला, आणि चढू लागला.