केतकीची पाठ

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतेय — तेही नीट सांगता येत नाही.

माझी मुलगी केतकी तेव्हा तेरा वर्षांची होती. आम्ही दिग्रसला राहतो. भाकर चावताना तिचा जबडा कानाजवळ कटकट वाजायचा, मोठा घास घेतला की तोंड एका बाजूला सरकायचं. दातांचंच काही असेल म्हणून मी तिला एसटीने यवतमाळला नेलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आम्ही दोघीच.

बाईंनी जबडा चाचपला. मग खांदे जरा वर-खाली वाटले म्हणून केतकीला उभं करून ओणवं व्हायला सांगितलं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली — मलाही दिसली. त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली? की आधीही दिसली होती, आणि मी तिची ओढणी सारखी करून नजर वळवली होती?

तिला बाहेर बसवून बाई म्हणाल्या, "जबड्याचा अन् पाठीचा संबंध आहेच असं नाही सांगता येत. काही मुलांत दोन्ही सोबत दिसते. पण कणा वाकून राह्यला, हाडांच्या डॉक्टरले लवकर दाखवा. वाढीच्या वयात पाठीले पट्टा लावला तर वाकणं थांबू शकते. अन् तिले रागावू नका. बसण्यानं नाही होत हे."

मी हो म्हणाले.

माझ्या माहेरी एक आत्या होती, पाठीत बाक असलेली. लोक तिला काय म्हणायचे ते ऐकत मी वाढले. मीही म्हटलंय. आता केतकी पट्टा लावून शाळेत जाणार, गल्लीभर होणार, उद्या स्थळं येतील तेव्हा — तेरा वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार करत होते मी, दवाखान्याच्या दारात!

"मॅडम काय म्हणे वं आई?" तिनं विचारलं.

"काही नाही. मोबाइल पाहत वाकडी बसतेस, म्हणून जबडा वाजते म्हणे. सरळ बसत जा."

घरीही हेच सांगितलं.

तिनं ते खरं मानलं. भिंतीला पाठ टेकवून अभ्यास करायची. दुखलं तरी सांगायची नाही — चूक तिचीच होती ना? पाहुण्यांसमोर जेवणं तिनं सोडलं. आणि जरा वाकली की मी ओरडायचे, सगळं ठाऊक असून. कसं जमत होतं मला?

सोळाव्या वर्षी तिच्या बाबांच्या लक्षात आलं. पुढे चालणाऱ्या पोरीचा एक खांदा पार उतरलेला. त्यांनीच तिला नागपूरला नेलं. पट्ट्याची वेळ निघून गेली होती. ऑपरेशन करून मणक्यांना सळया बसवल्या. तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं, बसण्याचा दोष नाही. तिला ते पटलं नाही. तिचा विश्वास माझ्यावर होता.

ऑपरेशनला थोडेच महिने झालेत. तिला अजून वाकता येत नाही. जबडा वाजतोच.

परवा कॉलेजला निघाली, मी खाली बसून तिला बूट घालून देत होते. वरून तिचा आवाज आला, "तुझं ऐकलं असतं तं एवढं झालंच नसतं ना, आई."

घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ कोणती होती?

मी लेस बांधली. "जाऊ दे आता," म्हणाले — तिला माफ केल्यासारखं.